दारांचा बाजार

जिथे मोठी नदी एक वळण घेते आणि गवत हत्तीच्या पोटाला लागतं, तिथे काबोंडा नावाचं प्राण्यांचं एक गाव होतं. गाव आफ्रिकेत होतं, म्हणजे आपल्यापासून पुष्कळ लांब. त्यामुळे तिथे जे झालं ते मोकळेपणाने सांगायला हरकत नाही.

गावाचा महापौर पाणघोडा होता. तो दिवसभर नदीत बसायचा. गाव आपलं आपण चालायचं, आणि गाव चाललंय म्हणजे आपणच चालवतोय, असं त्याला मनापासून वाटायचं. प्राणी त्याला निवडून द्यायचे, कारण त्याच्याइतकं मोठं तोंड दुसऱ्या कोणाला उघडता येत नव्हतं.

गावाच्या मधोमध एक अवाढव्य गोरखचिंच होती. तिच्या सावलीत बाजार भरायचा. सुगरण पक्षिणी टोपल्या विकायच्या, रानडुक्कर हातगाडीवर ओझी वाहायचा, आणि बुंध्याला टेकून नालियाका नावाची ठिपक्याठिपक्यांची गिनी कोंबडी नाचणीची पेज विकायची. नालियाकाचा नवरा गेल्या उन्हाळ्यात गरुडाने उचलून नेला होता. त्याची चौकशी करायला नेमलेल्या समितीवर गरुड अध्यक्ष होता, म्हणून अहवालाची वाट न बघता नालियाकाने चूल पेटवली होती. घरी पिल्लं होती.

तिच्या शेजारी ओकेलो बसायचा. ओकेलो म्हणजे साळिंदर. त्याच्या दातांना लाकूड कुरतडल्याशिवाय चैन पडत नसे, म्हणून तो सुतार झाला होता. पाट, स्टुलं, चमचे, पाळणे. जे मागाल ते कुरतडून द्यायचा. रोज सकाळी पहिला वाडगा तोच घ्यायचा आणि रोज एकच तक्रार करायचा.

“नालियाका, आज पेज पातळ झालीय.”

“दादा, पेज पातळच असते. घट्ट झाली की तिला लोक भाकरी म्हणतात.”

“मग भाकरी कर.”

“भाकरीला दात लागतात. तुमचे लाकडात अडकलेत.”

एवढं बोलणं झालं की दोघांचा दिवस सुरू व्हायचा.

त्या वर्षी दूरच्या सरोवरावरून गुलाबी रोहित पक्ष्यांचा थवा आला. ते महापौरांचे पाहुणे होते. पाहुणे खोकत होते. पण परदेशातून आलेला खोकला काहीतरी चांगलाच असणार, असं समजून त्यांचं स्वागत झालं आणि स्वागत समितीतले सगळे आधी आजारी पडले. मग हरणं खोकायला लागली, मग झेब्रे. एक म्हातारा रानरेडा खोकता खोकता खाली बसला तो उठलाच नाही. तेव्हा मात्र गाव घाबरलं.

महापौराने नदीतून डोकं वर काढलं आणि भाषण केलं. “माझ्या प्रिय काबोंडावासीयांनो! खोकला आपल्या गावात आलेला नाही. आणि जो आलेला आहे, त्याला आपण परतवून लावलेलं आहे. तरीही उद्यापासून बाजार बंद!”

पुढचं धनेशाने समजावून सांगितलं. धनेश हा महापौरांचा प्रवक्ता. त्याची चोच एवढी मोठी होती की खोटं बोलायला तिच्यात ऐसपैस जागा होती.

तो म्हणाला, “दार असलेली दुकानं उघडी राहतील. दार असलं की ते बंद करता येतं. जे बंद करता येतं, ते उघडं ठेवण्यात धोका नाही. ज्यांना दार नाही, ती बंद करता येत नाहीत, म्हणून ती बंद.”

हे ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या. खूप अवघड वाटलं म्हणजे त्यात काहीतरी शास्त्र असणार.

गावात दार असलेलं एकच दुकान होतं. नदीकाठचं ते मोठं गोदाम मगर शेठचं होतं. तिथे धान्य मिळायचं, टोपल्या मिळायच्या, यंत्राने कापलेली स्टुलं मिळायची, आणि आता डब्यात भरलेली पेजही मिळायला लागली.

दुसरा हुकूम मुसक्यांचा निघाला. प्रत्येकाने तोंडाला मुसकं बांधायचं. मुसकी मगर शेठच्या गोदामात मिळतील. महापौरांच्या मापाचं मुसकं मात्र कुठेच मिळेना, म्हणून गावात बोलण्याची सगळी जबाबदारी त्यांच्या एकट्यावर आली आणि त्यांनी ती न कुरकुरता उचलली.

तिसरा हुकूम श्वासबंदीचा. ‘खोकल्याला आपली एकजूट दिसली पाहिजे,’ म्हणून भर दुपारी सगळ्या गावाने एकाच वेळी श्वास रोखून धरायचा. सगळ्यांनी रोखला. उंदीर बेशुद्ध पडले, एक म्हातारी शेळी कोसळली. महापौर पाण्याखाली गेला तो बराच वेळ वर आला नाही. वर आला तेव्हा काठावर रडारड चालली होती. “बघा, आपल्यासाठी किती वेळ श्वास रोखला बिचाऱ्याने!” पाणघोडे रोजच तसं करतात, हे त्या क्षणी कोणाच्या लक्षात आलं नाही. ज्याच्या लक्षात आलं त्याने मुसकं बांधलेलं होतं.

नालियाकाने काही दिवस घरीच पेज शिजवून दारोदार नेली. एकदा ओढ्याच्या वाटेवर फौजदार तरस आणि त्याचे शिपाई आडवे आले.

“हातात काय आहे?”

“पेज आहे साहेब. माकडीण बाळंत झालीय, तिला नेतेय.”

“ही पेज संशयित आहे,” फौजदार म्हणाला. “नष्ट करावी लागेल.”

त्यांनी ती तिथेच बसून नष्ट केली. मडकं चाटूनपुसून नष्ट केलं. मग फौजदाराने मिशा पुसल्या आणि बजावलं, “पुन्हा अशी घेऊन फिरताना दिसलीस तर बघ. आणि मीठ थोडं जास्त घाल.”

त्या दिवशी पिल्लांना काय द्यायचं हे नालियाकाला कळेना. तिने त्यांना पंखाखाली घेतलं आणि गरुडाची गोष्ट सांगितली. भीतीने पोटं तेवढा वेळ गप्प बसली.

मग दवंडी फिरली. लहान व्यापाऱ्यांसाठी सरकारी कोठार उघडणार! नालियाका आणि ओकेलो सकाळीच नदीकाठी गेले. रांगेत सगळ्यांत पुढे मगर शेठ होता. रांग काठावर होती आणि शेठ पाण्यात, म्हणून तो रांगेत आहे की नाही हे नक्की सांगता येत नव्हतं. पण पहिला नंबर त्याचा होता.

धनेशाने त्याच्याकडे निरखून पाहिलं. पाण्यावर दोन डोळे आणि दोन नाकपुड्या एवढंच दिसत होतं.

“फारच लहान व्यापारी,” धनेश हळहळून म्हणाला. “मुठीएवढा आहे बिचारा. ह्याला आधी द्या.”

ओकेलोला राहवलं नाही. “अहो साहेब, बाकीचा तो पाण्याखाली आहे!”

“पाण्याखाली कोणाचं काय आहे ही ज्याची त्याची खासगी बाब आहे,” धनेश म्हणाला. “सरकार कोणाच्या पाण्यात डोकावत नाही. पुढे या. तुमचं दुकान कुठे आहे?”

“गोरखचिंचेखाली,” नालियाका म्हणाली.

“दार कुठल्या दिशेला?”

“दार नाही साहेब. झाड आहे.”

“मग ते दुकान नव्हे बाई, ती सावली झाली. सावलीला मदत देण्याची तरतूद नाही.”

कोठारातलं धान्य गोदामात गेलं. दुसऱ्या दिवसापासून तेच धान्य गोदामात विकायला होतं. पोत्यांवर महापौरांचं हसरं तोंड छापलेलं होतं, त्यामुळे ती पोती जरा महाग होती.

परतीच्या वाटेवर ओकेलो मधूनमधून खोकत होता.

“दादा, तुम्ही खोकताय.”

“भुसा गेलाय घशात,” तो म्हणाला. मग बराच वेळ चालल्यावर म्हणाला, “त्यांना दार पाहिजे ना? मी सुतार आहे. दार म्हणजे उभा केलेला पाट.”

त्याने दोन दिवस खपून एक दार कुरतडलं. चांगलं दार होतं. चौकट, कडी, वर नाचणीच्या कणसांची नक्षी. गोरखचिंचेखाली, नालियाकाच्या चुलीसमोर, जमिनीत खड्डा करून त्याने ते उभं केलं. भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं. मोकळ्या मैदानात एक दार, आणि त्याच्यामागे पेज ढवळणारी गिनी कोंबडी.

धूर बघून फौजदार तरस धावत आला. दाराशी येऊन थबकला. उजवीकडून नालियाका दिसत होती, डावीकडूनही दिसत होती. त्याने थोडा विचार केला आणि दार वाजवलं.

“कोण आहे?” नालियाकाने विचारलं.

“फौजदार.”

“काय काम आहे?”

“हे दुकान बंद आहे.”

“साहेब, दार आहे. दार असलेलं दुकान उघडं ठेवायचा हुकूम आहे.”

फौजदाराने हुकूम मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिला. त्यात भिंतींचा उल्लेख नव्हता. मुकाट्याने त्याने कडी काढली, आत आला, वाडगाभर पेज प्यायला, मीठ बरोबर आहे म्हणाला, आणि जाताना दार लावून घेतलं. कायद्याची माणसं अशी असतात. भिंत नसली तरी चालते, पण दार उघडं राहिलेलं चालत नाही.

ही बातमी गावभर झाली. संध्याकाळपर्यंत ओकेलोपुढे रांग लागली. सुगरणींना दार हवं होतं, रानडुकराला हातगाडीसाठी दार हवं होतं, मध विकणारा एक अस्वस्थ रॅटेल, म्हणजे मधखाऊ बिज्जू, होता, त्याला दोन हवी होती, पळून जायला एक वेगळं. ओकेलो कुरतडत राहिला. खोकत राहिला.

“दादा, पुरे आता,” नालियाका रोज म्हणायची. “झोपा जरा.”

“तू पेज घट्ट कर, मी झोपतो.”

तिने एक दिवस खरंच घट्ट केली. त्याने दोन घास खाल्ले आणि वाडगा सरकवून ठेवला. म्हणाला, “पातळच बरी होती ग.”

बाजार दारांनी भरून गेला. गोदामातली गर्दी ओसरली, आणि मगर शेठ पाण्यातून पूर्ण बाहेर आला. त्या दिवशी तो केवढा आहे हे गावाला पहिल्यांदा दिसलं. तो महापौराशी थोडकंच बोलला. लगेच हुकूम निघाला : गोरखचिंचेखालची सगळी दारं सील करावीत. कोणीही त्या दारांतून आत जाऊ नये वा बाहेर येऊ नये.

तरसांनी प्रत्येक दारावर लाख लावली आणि प्रत्येक दारापुढे एक शिपाई बसवला. शिपाई डोळ्यांत तेल घालून दारांकडे बघत राहिले. गिऱ्हाइकं दाराच्या बाजूने वळसा घालून येत, माल घेत आणि त्याच बाजूने जात. फौजदाराने रोज खबर दिली, “एकही दार उघडलेलं नाही.” ती अगदी खरी होती. ती ऐकून महापौराने जाहीर केलं की काबोंड्याची टाळेबंदी सगळ्या जंगलात सर्वांत कडक आहे, आणि शेजारच्या गावांतून ती बघायला शिष्टमंडळं येऊ लागली.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना एका दुपारी ओकेलोला धाप लागली. नालियाकाने रानडुकराला हाक मारली. दोघांनी त्याला हातगाडीवर घातलं आणि पळत करकोच्याच्या दवाखान्यात नेलं. दवाखान्याच्या आत रोहित पक्षी झोपले होते. त्यांचा खोकला कधीच बरा झाला होता, पण हवा मानवली होती.

“जागा नाही,” करकोचा म्हणाला. तो एका पायावर उभा होता, आणि तोही पाय थकलेला दिसत होता. “मला नका बोलू बाई. वरून यादी येते.”

ते परत फिरले. ओकेलोने खूण केली, घरी नको, बाजारात. त्याला त्याच्या जागेवर, लाकडाच्या चुऱ्यावर निजवलं. नालियाकाने त्याचं मुसकं सोडलं. त्याचे काटे एकेक करून मऊ पडत चालले होते.

“ती नक्षी,” तो म्हणाला, “जरा वाकडी आलीय.”

“नाही हो दादा. सरळ आहे.”

“वाकडी आहे. मला माहितीय ना.”

तेवढं बोलून तो गेला. दारापुढचा तरस शिपाई उठून उभा राहिला. वळून बघायची त्याला परवानगी नव्हती, म्हणून तो दाराकडेच बघत रडला.

दुसऱ्या दिवशी नालियाका धनेशाकडे गेली. खोकल्याने मेलेल्यांच्या घरी धान्य देणार, असं महापौर म्हणाला होता. ओकेलोला घरचं कोणी नव्हतं. तिला धान्य नको होतं. मेलेल्यांत त्याचं नाव घ्यावं एवढंच हवं होतं.

“कुठे मेला?” धनेशाने विचारलं.

“बाजारात.”

“बाजार बंद आहे. बंद बाजारात कोणी नसतं. जो तिथे नव्हता, तो तिथे मेला कसा?”

नालियाका म्हणाली, “मग तो जिवंत असेल.”

“असेल की.”

“जिवंत असेल तर लहान व्यापारी म्हणून त्याला मदत द्या. त्याला दार आहे.”

धनेशाने चोच खाजवली. “देऊ. पण त्याला स्वतः यावं लागेल.”

नालियाका आजवर कधी ओरडली नव्हती. गिनी कोंबड्यांचा आवाज किती कर्कश असतो हे गावाला माहीत होतं, पण तिचा ऐकला नव्हता. तिने मुसकं फेकून दिलं आणि नदीकाठावर उभी राहून ओरडली, “ओकेलो मेला! सुतार ओकेलो बाजारात मेला!” फौजदार तिला पकडायला आला, तर बाजारातल्या सगळ्या गिनी कोंबड्या तिच्याभोवती जमल्या आणि तेच ओरडू लागल्या. मग सुगरणी ओरडल्या, रानडुक्कर ओरडला. महापौर पाण्याखाली गेला. या वेळी त्याने श्वास खरोखरच विक्रमी वेळ रोखला.

निवडणूक जवळ आली होती. आरडाओरडा ऐकून डोंगरावरून एक बबून उतरला. हे लाल बुडाचं माकड आजवर विरोधी पक्षात होतं, म्हणजे उंचावर बसून दगड फेकत होतं. तो नालियाकाच्या चुलीपाशी येऊन बसला. त्याने सगळं ऐकून घेतलं. ऐकताना तो रडला, आणि त्याचे अश्रू खरे होते. नालियाकाने जवळून पाहिले.

“आक्का,” तो म्हणाला, “माझ्या कारकिर्दीत ओकेलोचं नाव आधी लिहिलं जाईल. कोठार खुलं होईल. पाणघोड्याला मी कोरड्या जमिनीवर आणून उभं करीन!”

नालियाकाने त्याच्यासाठी घर न् घर पालथं घातलं. प्रत्येक वाडग्याबरोबर ती ओकेलोची हकिकत सांगायची. बबूनच्या माणसांनी झाडाझाडांवर ओकेलोची चित्रं काढली. चित्रांत तो सिंहाएवढा होता आणि त्याच्या हातात भाला होता. “दादा असे नव्हते,” नालियाका म्हणाली. “मतदारांना असेच लागतात,” तिला सांगण्यात आलं. सभांमध्ये घोषणा घुमल्या : “काटा काटा लढणार, पाणघोड्याला पाडणार!”

आणि गावाने पाणघोड्याला पाडलं. असं पाडलं की त्याला स्वतःच्या डबक्यातलंही मत मिळालं नाही. बबून महापौर झाला. गोरखचिंचेखाली ढोल वाजले, दारांवरची लाख फोडण्यात आली. नालियाकाने त्या दिवशी पेज फुकट वाटली आणि ओकेलोच्या जागेवर एक वाडगा भरून ठेवला.

खोकला तोवर आपोआपच कमी झाला होता. बाजारातल्या कितीतरी जागा मात्र रिकाम्याच राहिल्या. टोपल्या विकणाऱ्या अर्ध्या सुगरणी गोदामात कामाला लागल्या होत्या, तिथे त्या मगर शेठच्या नावाने टोपल्या विणत होत्या. रॅटेल दोन्ही दारं सोडून गेला होता.

नवा महापौर पहिल्या भाषणात म्हणाला की आधीच्यांनी कोठार रिकामं करून ठेवलंय, थोडा धीर धरा. गावाने धीर धरला. गावाला त्याची सवय होती. पण नालियाका ओकेलोच्या नावाचं विचारायला जात राहिली, आणि दर वेळी ‘बघतो, आक्का’ ऐकून परत येत राहिली.

एकदा ती गेली तेव्हा नदीकाठी मांडव घातलेला होता. व्यासपीठावर बबून बसला होता. त्याच्या शेजारी गळ्यात हार घालून पाणघोडा बसला होता. समोरच्या पाण्यावर दोन डोळे आणि दोन नाकपुड्या समाधानाने तरंगत होत्या.

“हे काय चाललंय?” तिने धनेशाला विचारलं. प्रवक्ता तोच होता. चोच अनुभवी होती, ती बदलण्यात अर्थ नव्हता.

“ऐतिहासिक दिवस आहे, बाई. माजी महापौरांनी आपल्या सगळ्या पाणघोड्यांसह नव्या महापौरांच्या पक्षात प्रवेश केला. गावाच्या विकासासाठी. आजपासून ते उपमहापौर. कोठार खातं त्यांच्याकडे.”

“पण ओकेलो...”

“त्यासाठी समिती नेमलीय ना. उपमहापौर साहेब स्वतः अध्यक्ष आहेत. त्यांना त्या काळाचा अनुभव आहे.”

व्यासपीठावर दोघांनी एकमेकांना मिठी मारली. बबून पाणघोड्याच्या पोटामागे जवळजवळ दिसेनासा झाला. मांडवात टाळ्या पडल्या. त्या सवयीने पडल्या. वाजवणाऱ्यांनी नंतर एकमेकांकडे पाहिलं.

नालियाकाने धनेशाला अगदी साध्या आवाजात विचारलं, “मग आम्ही पाडलं कोणाला?”

धनेश तिच्याकडे दयेने बघून हसला.

“असं कोत्या मनाने बघू नये, बाई,” तो म्हणाला. “गावाला स्थिर सरकार मिळालंय.”